विश्लेषण : आठ सेकंदांनी टूर डी फ्रान्स जिंकणारा ग्रेग लेमॉन्ड अमेरिकेचा एकमेव विजेता कसा उरला?

टूर डी फ्रान्स या जगातील सर्वांत प्रतिष्ठेच्या सायकल शर्यतीच्या पुरुष विजेत्यांची अधिकृत यादी पाहिली, तर १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे कोणाचेही नाव दिसत नाही. तिथे पूर्वी लान्स आर्मस्ट्राँगचे नाव होते. २००६ पुढे फ्लॉइड लँडिसचे नाव लागले होते, तेही खोडले गेले. दोघेही अमेरिकेचे आणि दोघेही उत्तेजकांमुळे बाद. त्यामुळे या यादीत आज एकच अमेरिकी सायकलपटू उरला आहे. तो म्हणजे १९८६, १९८९ आणि १९९० असा तीन वेळा विजेता ठरलेला ग्रेग लेमॉन्ड. बंदुकीच्या छऱ्यांनी चाळण झालेले शरीर घेऊन त्याने शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. निवृत्तीनंतर मात्र आर्मस्ट्राँगविषयी शंका घेतल्याबद्दल त्याला माफी मागावी लागली आणि स्वतःच्या नावाच्या सायकलींचा व्यवसायही गमवावा लागला. त्याच्या कारकिर्दीचा आणि त्यानंतरच्या संघर्षाचा हा आढावा.

ग्रेग लेमॉन्ड कोण?

ग्रेग लेमॉन्डचा जन्म २६ जून १९६१ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. बालपण शेजारच्या नेवाडा राज्यातील वॉशो खोऱ्यात गेले. त्याला वेड होते बर्फावरच्या स्कीइंगचे. उन्हाळ्यात बर्फ नसताना पायांचा व्यायाम व्हावा म्हणून तो सायकलकडे वळला आणि मग स्कीइंग मागे पडले. १९७९ मध्ये अर्जेंटिनातील ब्यूनस आयर्स येथे झालेल्या कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत त्याने रस्त्यावरील शर्यतीचे विजेतेपद मिळवले.

१९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकसाठी त्याची अमेरिकी संघात निवड झाली होती. पण अमेरिकेने त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला आणि ती संधी हुकली. त्याच सुमारास फ्रान्सच्या रेनो संघाचा व्यवस्थापक सिरिल गिमार याची नजर त्याच्यावर पडली. १९८१ मध्ये लेमॉन्ड या संघातून व्यावसायिक सायकलपटू झाला. संघाचा म्होरक्या होता त्या काळातील सर्वांत मोठा फ्रेंच सायकलपटू बर्नार हिनो. व्यावसायिक सायकल शर्यती तेव्हा फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्पेन, नेदरलँड्स अशा मोजक्या युरोपीय देशांची मिरास होती. भाषा, खाणे, राहणे सगळेच परके असलेल्या त्या जगात विशीतला हा अमेरिकी मुलगा दाखल झाला. १९८३ मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या शर्यतीत जगज्जेता ठरला. व्यावसायिकांच्या रस्त्यावरील शर्यतीत जगज्जेता होणारा तो पहिला अमेरिकी पुरुष. १९८४ मध्ये पहिल्याच टूरमध्ये त्याने तिसरे स्थान मिळवले.

टूर डी फ्रान्सचा विजेता कसा ठरतो?

लेमॉन्डची कहाणी समजण्यासाठी या शर्यतीचे गणित समजून घ्यावे लागते. टूर तीन आठवडे चालते. वीसहून अधिक टप्पे आणि तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर. कधी सपाट रस्ता, कधी आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांतील घाट. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ बेरजेत धरला जातो. ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी, तो आघाडीवर आणि त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता टूर जिंकता येते. घाट चढण्यात सरस असलेल्यांसाठी स्वतंत्र मान असतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ हा किताब मराठी वाचकांना ठाऊक आहेच, त्याच जातीचा हा मान.

ही शर्यत दिसते वैयक्तिक, पण ती लढवतात संघ. सायकलपटूची बरीचशी ताकद हवेचा रोध कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाने सायकल चालवली तर मागच्याची मोठी बचत होते. म्हणून संघातील इतर सायकलपटू आपल्या म्होरक्यासाठी वारा झेलतात, पाणी आणून देतात, वेळ पडल्यास आपले चाकही काढून देतात. संघाने ठरवलेल्या म्होरक्यावर सहकाऱ्याने हल्ला चढवू नये, हा या खेळातील अलिखित नियम आहे. मात्र ‘टाइम ट्रायल’ या प्रकारच्या टप्प्यात प्रत्येक जण एकेकटा सोडला जातो. तिथे कोणाचा आडोसा नाही. सायकलपटू आणि घड्याळ, एवढीच लढत.

स्वतःच्याच संघाने त्याला का रोखले?

१९८५ मध्ये लेमॉन्ड हिनोच्या ‘ला व्ही क्लेअर’ या नव्या संघात गेला. उद्योगपती बर्नार तापी या संघाचा मालक होता आणि लेमॉन्डचा करार दहा लाख डॉलरचा असल्याची तेव्हा मोठी चर्चा झाली. त्या वर्षी हिनोला विक्रमाशी बरोबरी करणारे पाचवे जेतेपद हवे होते. शर्यतीच्या मध्यावर सेंट एतिएन येथे हिनो पडला आणि त्याचे नाक फुटले. पुढे पिरेनीजमध्ये तो धापा टाकू लागला. लूझ आर्दिदेंच्या घाटात लेमॉन्ड आयर्लंडच्या स्टीफन रोशबरोबर त्याच्या बराच पुढे निघाला होता. तेव्हा संघाच्या गाडीतून त्याला आदेश मिळाला, की जोर लावू नको. हिनो फार मागे नसल्याचे त्याला सांगण्यात आले. प्रत्यक्षात अंतर त्याहून बरेच जास्त होते, असे लेमॉन्डचे म्हणणे. त्याने आदेश पाळला. टूर हिनोने जिंकली. लेमॉन्ड १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा आला.

पुढच्या वर्षी मी तुला जिंकायला मदत करीन, असे हिनोने जाहीरपणे सांगितले. मात्र १९८६ ची टूर सुरू झाली आणि हिनोनेच हल्ले चढवले. पिरेनीजमधील पो येथे संपलेल्या टप्प्यानंतर तो लेमॉन्डच्या ५ मिनिटे २५ सेकंद पुढे होता. दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा सुटला. पण हा घास त्याला पेलला नाही. अखेरच्या चढावर त्याचे पाय गळाले. लेमॉन्डने तो टप्पा जिंकला आणि अंतर ४० सेकंदांवर आणले. आल्प्समध्ये पिवळी जर्सी लेमॉन्डच्या अंगावर आली.

त्यानंतरचा टप्पा होता आल्प द्युएझचा, २१ वळणांच्या प्रसिद्ध घाटाचा. तिथे दोघे इतरांना खूप मागे टाकून हातात हात घालून आले. टप्प्याचा मान हिनोला मिळाला. छायाचित्र सलोख्याचे होते, पण शर्यत अजून संपलेली नाही, असे हिनोने लगेच सांगून टाकले. प्रतिस्पर्ध्यांना दमवण्यासाठी आणि लेमॉन्डला कणखर करण्यासाठी आपण हल्ले केले, असा खुलासा तो पुढे देत राहिला. लेमॉन्डला तो पटला नाही. संघ दोन गटांत विभागला गेला होता, फ्रेंच प्रेक्षक हिनोच्या बाजूने होते. या सगळ्यातून लेमॉन्डने ३ मिनिटे १० सेकंदांच्या फरकाने जेतेपद मिळवले. १९०३ मध्ये सुरू झालेल्या टूरचा तो पहिला बिगर-युरोपीय विजेता. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९८५ नंतर फ्रान्सच्या एकाही पुरुषाला टूर जिंकता आलेली नाही. फ्रान्सचा तो शेवटचा विजय साकारला, त्यात लेमॉन्डने पाळलेल्या त्या आदेशाचाही वाटा होता.

१९८७ मध्ये नेमके काय घडले?

टूर जिंकली तेव्हा लेमॉन्ड २५ वर्षांचा होता. लांब पल्ल्याच्या शर्यतींतील सायकलपटूची खरी उमेदीची वर्षे इथून पुढे सुरू होतात. पण २० एप्रिल १९८७ रोजी कॅलिफोर्नियात टर्की पक्ष्यांच्या शिकारीला गेला असताना नातेवाइकाच्या बंदुकीतून चुकून सुटलेल्या गोळीचे छरे त्याच्या पाठीत आणि कुशीत शिरले. छरे साठच्या आसपास होते. फुप्फुस निकामी झाले, रक्त वाहत राहिले. जवळच दुसऱ्या कामासाठी आलेल्या पोलिसांच्या हेलिकॉप्टरने त्याला रुग्णालयात नेले. निम्म्याहून अधिक रक्त गेले होते. आणखी वीस मिनिटे उशीर झाला असता तर तो वाचला नसता, असे सांगितले जाते.

डॉक्टरांनी जीव वाचवला, पण सुमारे ३५ छरे शरीरातच राहिले. त्यातील काही हृदयाच्या आवरणात आणि यकृतात होते. ते काढणे अधिक धोक्याचे होते. त्या वर्षीची टूर गेली. १९८८ मध्ये दुखापतींमुळे पुढची टूरही गेली. एकेकाळचा विजेता साध्या शर्यतींतही मागे पडू लागला. मोठे संघ आता त्याच्यावर पैसे लावायला तयार नव्हते. अखेर १९८९ साठी तो ‘एडीआर’ या बेल्जियमच्या दुय्यम संघात गेला. तिथे त्याचा पगारही थकला. टूरच्या आधी झालेल्या इटलीतील जिरो स्पर्धेत तो ३९ वा आला. खेळ सोडण्याच्या विचारापर्यंत तो पोहोचला होता. फक्त त्या स्पर्धेच्या शेवटच्या टाइम ट्रायलमध्ये तो अनपेक्षितपणे दुसरा आला. गाडी रुळावर येत असल्याची ती पहिली खूण होती.

आठ सेकंदांचा विजय कसा साकारला?

१९८९ च्या टूरमध्ये लेमॉन्डला कोणीही दावेदार मानले नव्हते. आधीच्या वर्षीचा विजेता स्पेनचा पेद्रो देल्गादो लक्झेंबर्गमधील सलामीलाच २ मिनिटे ४० सेकंद उशिरा पोहोचला आणि सुरुवातीलाच मागे पडला. लढत उरली लेमॉन्ड आणि फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँमध्ये. फिन्याँ १९८३ आणि १९८४ चा विजेता, नुकताच जिरो जिंकून आलेला. त्याचा व्यवस्थापक होता गिमार, ज्याने लेमॉन्डला युरोपात आणले होते.

तीन आठवडे पिवळी जर्सी या दोघांत फिरत राहिली. टाइम ट्रायलमध्ये लेमॉन्ड ती मिळवायचा, घाटात फिन्याँ काढून घ्यायचा. दोघांमधील अंतर कधीही मिनिटभराच्या पुढे गेले नाही. शेवटचा टप्पा उरला तेव्हा फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता.

एरवी टूरचा शेवटचा टप्पा औपचारिक असतो. पण ते फ्रेंच राज्यक्रांतीचे द्विशताब्दी वर्ष होते. त्यानिमित्त आयोजकांनी व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल शेवटी ठेवली होती. इतक्या कमी अंतरात ५० सेकंद भरून काढायचे म्हणजे दर किलोमीटरला दोन सेकंदांहून अधिक. हे अशक्य आहे, असेच बहुतेकांचे मत होते. फ्रेंच वृत्तपत्रांनी फिन्याँच्या विजयाची तयारीही करून ठेवली होती.

२३ जुलै १९८९. लेमॉन्ड फिन्याँच्या दोन मिनिटे आधी निघाला. वाटेत आपल्याला वेळा सांगू नका, असे त्याने संघाला बजावले होते. त्याच्या डोक्यावर मागे निमुळते होत गेलेले शिरस्त्राण होते आणि सायकलला पुढे झुकून कोपरे टेकवता येतील असे हँडलबार. फिन्याँच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. केसांची शेपटी वाऱ्यावर उडत होती. शिवाय खोगिरावर घासून झालेल्या जखमेने त्याला बसणेही कठीण झाले होते. ही गोष्ट त्याच्या संघाने लपवून ठेवली होती.

लेमॉन्डने २६ मिनिटे ५७ सेकंदांत अंतर कापले. सरासरी वेग ताशी ५४.५ किलोमीटर. मग तो शाँझ एलिझेवर उभा राहून घड्याळाकडे पाहत राहिला. फिन्याँने आयुष्यातील एक उत्तम टाइम ट्रायल दिली होती, त्या टप्प्यात तो तिसरा आला. पण त्याला ५८ सेकंद जास्त लागले. ५० वजा जाता उरले आठ. एकूण ३,२८५ किलोमीटर आणि ८७ तास ३८ मिनिटांनंतर दोघांत फरक होता आठ सेकंदांचा. त्या वेगाने मोजले तर सुमारे १२० मीटर. टूरच्या इतिहासातील हा आजही सर्वांत कमी फरक आहे. त्यानंतर टूरचा शेवट टाइम ट्रायलने होण्यासाठी २०२४ उजाडावे लागले.

हँडलबारमुळे लेमॉन्ड जिंकला का?

ही चर्चा आजही रंगते. हे हँडलबार ट्रायथलॉनमधून आले होते. दोन्ही हात छातीसमोर एकत्र येतात, पाठ सपाट होते आणि हवेला भिडणारे शरीराचे क्षेत्र कमी होते. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला सायकलपटूची बहुतांश ताकद फक्त हवा कापण्यात खर्च होते. शिवाय वेग वाढवायचा तर लागणारी ताकद साधारण त्याच्या घनाच्या पटीत वाढते. लेमॉन्ड त्या दिवशी फिन्याँपेक्षा साडेतीन टक्क्यांनी वेगवान होता. केवळ पायांच्या जोरावर तेवढा वेग वाढवायला सुमारे ११ टक्के अधिक ताकद लागेल. हवेचा रोध तेवढ्याच प्रमाणात घटवला, तर तीच ताकद पुरते.

म्हणजे साधनाचा वाटा होता, हे नाकारता येत नाही. पण लेमॉन्ड ते हँडलबार पहिल्या मोठ्या टाइम ट्रायलपासून उघडपणे वापरत होता आणि पंचांनी त्याला परवानगी दिली होती. फिन्याँच्या संघालाही विचार करायला पुरेसा वेळ होता. नवे साधन आधी ओळखणे हे लेमॉन्डचे वैशिष्ट्यच होते. १९८६ ची टूरही त्याने कार्बन फायबरची सायकल वापरून जिंकली होती. लोखंडी नळ्यांच्या जमान्यात ती अपूर्वाईची गोष्ट होती. काही वर्षांतच टाइम ट्रायलमध्ये तसे हँडलबार सगळेच लावू लागले.

फिन्याँला मात्र या आठ सेकंदांनी जन्मभर सोडले नाही. दोनदा टूर जिंकलेला हा खेळाडू लोकांच्या लक्षात राहिला तो आठ सेकंदांनी हरलेला म्हणून. २०१० मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी कर्करोगाने त्याचे निधन झाले.

कारकिर्दीला उतार का लागला?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्समधील शाँबेरी येथे भर पावसात लेमॉन्डने दुसऱ्यांदा जगज्जेतेपद पटकावले. लगेचच फ्रान्सच्या ‘झेड’ संघाने त्याच्याशी तीन वर्षांसाठी सुमारे ५५ लाख डॉलरचा करार केला. सायकलपटूंच्या मानधनाचे मोजमापच त्याने बदलले. १९९० च्या टूरमध्ये पहिल्याच टप्प्यात इटलीच्या क्लॉदियो चियापुचीसह चौघे दहा मिनिटांहून अधिक पुढे निघून गेले. लेमॉन्डने तीन आठवडे ते अंतर थोडे थोडे कमी केले. शेवटच्या टाइम ट्रायलपूर्वी पिछाडी फक्त पाच सेकंदांची उरली होती. ती त्याने मोडून काढली आणि २ मिनिटे १६ सेकंदांनी टूर जिंकली. त्या वर्षी त्याने एकही टप्पा जिंकला नव्हता.

१९९१ मध्ये मात्र तो सातवा आला. १९९२ मध्ये त्याला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. पूर्वी ज्या वेगाने तो इतरांना मागे टाकायचा, त्या वेगाला आता तो गटातही टिकेना. १९९४ ची टूरही अर्धवट राहिली आणि त्या वर्षअखेरीस त्याने ३३ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. स्नायूंच्या पेशींना पुरेशी ऊर्जा न मिळण्याचा आजार असल्याचे तेव्हा त्याने सांगितले. शरीरात राहिलेल्या शिशाच्या छऱ्यांकडेही बोट दाखवले गेले.

पण दुसरे एक कारण तेव्हा उघडपणे बोलले जात नव्हते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ‘ईपीओ’ हे औषध सायकल शर्यतींत शिरले. मूत्रपिंडाच्या रुग्णांमधील रक्तक्षयावर ते दिले जाते. त्याने तांबड्या पेशी वाढतात आणि स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो. ते पकडणारी चाचणीच तेव्हा नव्हती. ती आली २००० च्या सिडनी ऑलिम्पिकच्या वेळी. १९९६ चा टूर विजेता बियार्न रीस याने आपण ईपीओ घेतल्याचे २००७ मध्ये कबूल केले. आपला वेग कमी झाला तितकाच इतरांचा अचानक वाढला, असे लेमॉन्ड पुढे सांगू लागला. त्याच्या घसरणीत आजार किती, छरे किती आणि इतरांचे ईपीओ किती, याची वाटणी आता करता येणार नाही. त्याच्या स्वतःवर मात्र उत्तेजकसेवनाचा ठपका कधीही आला नाही.

आर्मस्ट्राँगशी संघर्ष कसा सुरू झाला?

कर्करोगावर मात करून आर्मस्ट्राँगने १९९९ मध्ये टूर जिंकली आणि तो अमेरिकेचा लाडका झाला. २००१ मध्ये त्याचे मिकेले फेरारी या इटालियन डॉक्टरशी संबंध असल्याची बातमी आली. फेरारीवर त्या वेळी इटलीत उत्तेजकांसंबंधी खटला सुरू होता. लेमॉन्डने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. आर्मस्ट्राँग स्वच्छ असेल तर खेळाच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे पुनरागमन, नसेल तर सर्वांत मोठी फसवणूक, अशा आशयाचे त्याचे विधान गाजले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसे झाले. लेमॉन्डच्या नावाच्या सायकली १९९५ पासून ‘ट्रेक’ ही अमेरिकी कंपनी बनवत होती. आर्मस्ट्राँगही ट्रेकच्याच सायकलवर जिंकत होता. काही आठवड्यांतच लेमॉन्डच्या नावाने माफीचे निवेदन प्रसिद्ध झाले. आपल्यावर दबाव होता, असे त्याने नंतर सांगितले. पण तो फार काळ गप्प बसला नाही. २००४ मध्ये तो पुन्हा बोलला. मत्सरी, कडवट, विसरला गेलेला माजी खेळाडू, अशी त्याची हेटाळणी होत राहिली. २००८ मध्ये त्याने ट्रेकवर दावा लावला आणि ट्रेकने त्याच्या सायकलींचे उत्पादन बंद केले. २०१० मध्ये तडजोड झाली. त्यात ट्रेकने बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या पुरुषांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दोन लाख डॉलर देण्याचे मान्य केले. हीच संस्था का, याचे उत्तर तीन वर्षे आधी घडलेल्या एका प्रसंगात आहे.

लँडिस प्रकरणातील साक्ष का गाजली?

२००६ चा विजेता लँडिस चाचणीत दोषी आढळला. तेव्हा लेमॉन्ड त्याच्याशी फोनवर बोलला होता. दोषी असशील तर खरे सांगून मोकळा हो, मनात दडवलेली गोष्ट माणसाला आतून खाते, असे त्याने समजावले. हे सांगताना त्याने स्वतःचे एक गुपित लँडिसला सांगितले. लहानपणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाले होते.

मे २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील मालिबू येथे लँडिसच्या प्रकरणाची सुनावणी झाली. लेमॉन्ड साक्षीला येणार होता. आदल्या रात्री त्याला एक फोन आला. पलीकडचा माणूस त्या अत्याचाराचा उल्लेख करून सुनावणीला भेटू, असे सांगत होता. तो फोन लँडिसच्याच व्यवस्थापकाचा असल्याचे निघाले. लेमॉन्डने माघार घेतली नाही. त्याने साक्षीत फोनचा प्रकार सांगितला आणि ज्या गोष्टीची धमकी दिली गेली, तीही स्वतःच सर्वांसमोर उघड केली. व्यवस्थापकाला त्याच दिवशी काढून टाकण्यात आले. पुढे लँडिसचे जेतेपद गेले.

खेळाडू पुरुषाने असे काही जाहीरपणे सांगणे तेव्हा फार दुर्मीळ होते. दडवलेल्या गोष्टीचे ओझे म्हणजे काय, हे लेमॉन्डला ठाऊक होते. उत्तेजकांबद्दलच्या मौनाची त्याला इतकी चीड का होती, याचा उलगडा बऱ्याच जणांना त्या दिवशी झाला.

अखेर काय निष्पन्न झाले?

मे २०१० मध्ये लँडिसने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली आणि आर्मस्ट्राँगच्या संघातील प्रकारही उघड केले. त्यातून चौकशीची चक्रे फिरली. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने आर्मस्ट्राँगची सातही जेतेपदे रद्द केली. ती इतर कोणालाही दिली गेली नाहीत, कारण मागच्या क्रमांकांवरील अनेकांवरही डाग होते. जानेवारी २०१३ मध्ये आर्मस्ट्राँगने दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत कबुली दिली. लेमॉन्डने २००१ मध्ये जी शंका बोलून दाखवली होती, ती खरी ठरायला अकरा वर्षे लागली.

अहवाल आल्यावर लेमॉन्डने महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांच्या राजीनाम्याची मागणी केली. गरज पडल्यास हंगामी अध्यक्ष होण्याचीही तयारी दाखवली. २०१३ च्या निवडणुकीत ते अध्यक्ष पराभूत झाले. २०१६ मध्ये लेमॉन्डने कार्बन फायबरच्या क्षेत्रात नवी कंपनी सुरू केली आणि नंतर स्वतःच्या नावाच्या सायकली पुन्हा बाजारात आणल्या. २०२० मध्ये त्याला अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याचा कायदा मंजूर झाला. अमेरिकेतील सर्वोच्च नागरी सन्मानांपैकी हा एक आहे. २०२२ मध्ये त्याने आपल्याला रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार झाल्याचे जाहीर केले. तो उपचारांनी आटोक्यात ठेवता येण्याजोगा आहे.

लेमॉन्डची कारकीर्द आज का महत्त्वाची?

आकड्यांत पाहिले तर तीन जेतेपदे हा काही विक्रम नाही. हिनोसह चौघांनी पाच-पाच वेळा टूर जिंकली आहे. लेमॉन्डची आणखी किती झाली असती, याचा हिशेब चाहते मांडत असतात. १९८५ मध्ये त्याला थांबवले गेले, १९८७ आणि १९८८ छऱ्यांनी आणि दुखापतींनी नेली, १९९१ नंतर शर्यतीचे स्वरूपच बदलले. पण हा हिशेब जर-तरचा आहे.

लेमॉन्डच्या विजयांमुळे युरोपबाहेरच्या सायकलपटूंना या शर्यतीचे दार उघडले. त्यानंतर ऑस्ट्रेलिया आणि कोलंबियाच्या सायकलपटूंनीही टूर जिंकली. सायकलचे तंत्र आणि सायकलपटूंचे मानधन या दोन्हींत त्याने पायंडे पाडले. पण त्याचे नाव आज पुन्हा घेतले जाते ते मुख्यतः त्याच्या विजयांच्या टिकाऊपणामुळे. सात विरुद्ध तीन अशी तुलना एकेकाळी त्याला हिणवण्यासाठी होत असे. त्या सातांच्या जागी आता रिकाम्या ओळी आहेत. १९८९ च्या ओळीत मात्र ग्रेग लेमॉन्ड हे नाव आणि पुढे आठ सेकंदांचा फरक, जसाच्या तसा आहे.